ऑफ-रोड गाडीच्या फोर्कला कव्हर बसवायचंय? आधी पाइप स्वच्छ करा

पावसाळ्यात गाडी चिखलात घालायची सवय लागली, की कधी ना कधी पुढच्या शॉकअपच्या पाइपवर तेलाचं बारीक कडं दिसायला लागतं. बोट फिरवलं तर काळपट तेल लागतं. मेकॅनिक सांगतो, "सील गेलं." मग नवं सील येतं, नवं तेल येतं, मजुरी जाते आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. हे टाळायला बाजारात फोर्कची, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या जोडीची, कव्हरं मिळतात. ती बसवणं अवघड नाही, घरी करण्यासारखं काम आहे. पण बसवण्याआधीची साफसफाई बरेच जण उरकून टाकतात. मग कव्हरच्या आत कोंडलेली माती सीलला घासत राहते आणि वरून सगळं छान झाकलेलं असल्यामुळे ते कळतही नाही. माझं स्पष्ट मत आहे, की मळक्या पाइपवर कव्हर चढवण्यापेक्षा पाइप उघडा ठेवून रोज पुसलेला बरा. म्हणून इथे बसवण्याइतकीच जागा साफसफाईला दिली आहे. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्यांनी तो भाग वगळू नये.

सील जातं कशाने?

फोर्कच्या प्रत्येक पायात दोन नळ्या एकमेकींत सरकतात. आतल्या नळीला, म्हणजे पाइपला, कठीण क्रोमचा गुळगुळीत मुलामा असतो. बाहेरच्या नळीच्या तोंडाशी दोन रबरी सील असतात. पहिलं डस्ट सील. पाइपवरची धूळ-माती पुसून बाहेरच ठेवणं हे त्याचं काम. त्याच्या आत ऑइल सील असतं आणि ते तेल आत धरून ठेवतं. ऑइल सीलची जी कड पाइपला टेकते ती अगदी पातळ असते. तिच्याखाली वाळूचा एक कण अडकला तरी तेवढ्या फटीतून तेल पाझरायला लागतं.

सील दोन वाटांनी बिघडतं. पहिली वाट मातीची. ओला चिखल पाइपवर उडतो, वाळतो आणि दुसऱ्या दिवशी गाडी पहिल्या खड्ड्यात दबली की तो वाळलेला थर डस्ट सीलवर घासला जातो. रोज थोडी थोडी माती आत सरकते. दुसरी वाट दगडाची. पुढच्या गाडीच्या चाकातून उडालेली खडी पाइपवर आपटते आणि क्रोमवर बारीकसा टवका पडतो. टवक्याची कड वर उचललेली असते. शॉकअप दबेल तेव्हा ती सीलवरून फिरते आणि सील कापत राहते.

आपल्याकडे माती जागोजागी वेगळी आणि तिचा त्रासही वेगळा. मराठवाडा-विदर्भाकडची काळी माती ओली असताना चिकट असते. ती चाक आणि मडगार्डमध्ये गच्च भरते आणि पाइपवर वाळली की नखानेही निघत नाही. कोकणातला जांभा वेगळा. त्याचे कण कडक, टोकदार, आणि पावसाच्या लाल पाण्याबरोबर ते फटीफटीत जातात. मावळ-मुळशीकडे भातखाचरांच्या बाजूच्या वाटांवर बारीक गाळ मिळतो. तो दिसायला निरुपद्रवी, पण डस्ट सीलच्या मागे जाऊन बसतो. घाटमाथ्यावर काळ्या दगडाची खडी आणि मुरूम आहेच. लडाख-स्पितीला जाणाऱ्यांची गाठ पिठासारख्या कोरड्या धुळीशी पडते आणि ती पाइपवरच्या तेलाच्या पुसट थराला चिकटते. कव्हर घेताना आपली गाडी यातल्या कशात जास्त फिरते, याचा विचार आधी करा.

सील गळण्याकडे दुर्लक्ष करू नये, याचं कारण निव्वळ खर्च नाही. तेल कमी झालं की शॉकअपची उसळी आवरणारी ताकद जाते, गाडी खड्ड्यातून निघाल्यावर पुढून नाचायला लागते. त्याहून वाईट म्हणजे डिस्कच्या बाजूच्या पायातून गळणारं तेल ओघळत कॅलिपरपर्यंत (डिस्कला धरणारा ब्रेकचा चिमटा), त्यातल्या पॅडपर्यंत पोचू शकतं. तेल प्यायलेले ब्रेक पॅड बदलण्याशिवाय इलाज नसतो. आणि ब्रेक लागत नाही हे उतारावर कळलं, तर पॅडच्या किमतीचा विषयच उरत नाही.

कोणतं कव्हर घ्यायचं

आधी तुमचा फोर्क कोणत्या जातीचा आहे ते बघा. साध्या फोर्कमध्ये चकचकीत पाइप वर असतो आणि जाड बॉटम, म्हणजे बाहेरची नळी, खाली, चाकाजवळ. रॉयल एनफिल्डची जुनी हिमालयन ४११ अशी आहे: ४१ मिमीचा पाइप, २०० मिमीची चाल (शॉकअप जास्तीत जास्त किती दबतो ते अंतर). उलट्या, म्हणजे यूएसडी फोर्कमध्ये जाड नळी वर असते आणि चकचकीत पाइप खाली, थेट दगड-चिखलाच्या माऱ्यात. हिमालयन ४५० ला शोवा कंपनीचा ४३ मिमीचा यूएसडी फोर्क आहे, चाल २०० मिमी. केटीएम ३९० ॲडव्हेंचरच्या २०२० च्या मॉडेललाही ४३ मिमीचा डब्ल्यूपी कंपनीचा यूएसडी फोर्क आहे, चाल १७० मिमी.

कव्हरं मुख्यतः तीन प्रकारची. घड्या-घड्यांचे रबरी गेटर हा जुना आणि भरवशाचा प्रकार, पण तो साध्या फोर्कसाठी. हिमालयन ४११ ला ते कंपनीकडूनच येतात. ते फाटले की नवे बसवावे लागतात आणि त्यासाठी फोर्कचा पाय काढावा लागतो. दुसरा प्रकार निओप्रीनच्या अखंड बाहीचा. निओप्रीन म्हणजे पाणबुड्यांच्या पोशाखात वापरतात ते ताणणारं, फेसाळ रबर. ही बाही चढवायलाही निदान चाक काढावंच लागतं. तिसरा प्रकार निओप्रीनच्याच पट्टीचा. ती पाइपभोवती गुंडाळायची आणि वेल्क्रोने बंद करायची. काहीच खोलावं लागत नाही. शिवाय संध्याकाळी घरी आल्यावर ती दोन मिनिटांत काढता येते, धुता येते.

नवख्या माणसाने तिसरा प्रकार घ्यावा. अखंड बाही वेल्क्रोवाल्यापेक्षा मातीला जास्त अडवते हे खरं, पण ती काढून धुण्यासाठी दर वेळी चाक काढावं लागत असेल तर ती कोणी काढत नाही, आणि न काढलेलं कव्हर आतून कुजतं. उडणाऱ्या दगडांपासून मात्र निओप्रीन थोडंच वाचवतं. त्यासाठी कडक प्लास्टिकचे गार्ड लागतात. यूएसडी फोर्कच्या ऑफ-रोड गाड्यांना ते बहुतेक कंपनीचेच असतात. कव्हर बसवलं म्हणून ते गार्ड काढून ठेवू नका.

माप कसं घ्यायचं

पाकिटावर गाडीचं नाव छापलंय म्हणून विश्वास ठेवू नका, माप स्वतः घ्या. व्हर्नियर (व्यास मोजायची सरकपट्टी) असेल तर उत्तम, नसेल तर शिवणाचा दोरा आणि पट्टी पुरते. दोरा जाड नळीच्या तोंडाजवळ एकदा गुंडाळा, जिथे टोक जुळतं तिथे खूण करा, सरळ करून मोजा आणि ३.१४ ने भागा. दोरा १७ सेमी भरला तर नळीचा व्यास सुमारे ५४ मिमी. तसंच आतल्या पाइपचं माप घ्या. ४३ मिमीच्या पाइपभोवती दोरा साडेतेरा सेमी भरायला हवा. तेवढा भरला तर तुमचं मोजणं बरोबर आहे.

मग लांबी. पुढचं चाक जमिनीवरून उचललेलं असताना, म्हणजे शॉकअप पूर्ण उघडलेला असताना, पाइप किती दिसतो ते मोजा. गेटर आणि पूर्ण लांबीची बाही निदान एवढी ताणली जायला हवी. आखूड वेल्क्रो पट्टीला ही अट नाही. ती फक्त सीलच्या तोंडाभोवती बसते आणि पाइपवर थोडी पुढे येते.

आता एक गोष्ट उलट्या बाजूने तपासायची: शॉकअप पूर्ण दबल्यावर किती जागा उरते? उघडलेल्या पाइपच्या लांबीतून चाल वजा करा. २०० मिमी चालीच्या फोर्कचा पाइप पूर्ण उघडल्यावर समजा २३० मिमी दिसत असेल, तर दबल्यावर उरतात ३० मिमी. तुमचं कव्हर गोळा होऊन एवढ्या जागेत मावलं पाहिजे. मावलं नाही तर मोठ्या खड्ड्यात ते चिरडतं किंवा तोंडावरून निसटतं. जाड, स्वस्त गेटरचं इथेच बिनसतं.

सामान

पातळ सुती फडकी भरपूर, जुना दातांचा ब्रश, साबणाचं पाणी, सिलिकॉन स्प्रे, थोडं फोर्क ऑइल, जुनी एक्स-रे फिल्म, २००० नंबरचा पॉलिश पेपर, ॲलन की आणि पान्यांचा संच, काही केबल टाय. पाय काढायचा असेल तर टॉर्क पानाही (बोल्ट ठरावीक जोराने आवळणारा पाना) हवाच, आणि गाडीचं मॅन्युअल शेजारी उघडं ठेवा. सिलिकॉन स्प्रे काढण्याआधी डिस्क आणि कॅलिपर प्लास्टिकच्या पिशवीने झाका. स्प्रेचे बारीक तुषार डिस्कवर बसले तर ब्रेक घसरतो. काही तुषार गेलेच तर ब्रेक क्लीनरने डिस्क पुसून घ्या.

साफसफाई, जी वगळायची नाही

गाडी धुवा, पण वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा सीलच्या तोंडावर धरू नका, धरू देऊ नका. तो फवारा माती काढत नाही, ती सीलच्या आत ढकलतो. पाण्याचा साधा नळ-पाइप, साबणाचं पाणी आणि ब्रश पुरेसे आहेत. वाळलेली काळी माती खरवडून काढू नका. ओलं फडकं पाइपभोवती गुंडाळून थोडा वेळ ठेवा, ती आपोआप सुटते. मग फडक्याने पुसून पाइप कोरडा करा. मागची बाजू विसरू नका. पाइपच्या मागच्या अंगाला हात पोचत नाही म्हणून तिथेच सगळ्यात जास्त माती उरते.

आता पाइपवरून नखाचं टोक हळू फिरवा, वरून खाली आणि गोल. जिथे नख अडकेल तिथे टवका आहे. नख नीट कळत नसेल तर कापसाचा बोळा फिरवा. कड असेल तिथे कापसाचा धागा अडकतो. सापडलेल्या जागी २००० नंबरच्या पेपरला तेलाचा थेंब लावून अगदी हलक्या हाताने, पाइपच्या आडव्या दिशेने, फक्त वर आलेली कड बसेपर्यंत घासा. उभं घासू नका. उभ्या ओरखड्यांतून तेलाला बाहेर यायला वाट मिळते. कड बसली की थांबा. खड्डा तसाच राहिला तरी चालतो, त्याची वर आलेली कडच सीलला कापत असते. क्रोम सोलवटून खालचं लोखंड दिसत असेल किंवा गंजाचे ठिपके सील फिरतं त्या पट्ट्यात असतील, तर कव्हर हा त्यावरचा उपाय नाही. पाइप मेकॅनिकला दाखवा.

त्यानंतर डस्ट सील. ते हाताने दाबून बसवलेलं असतं. पातळ, बोथट प्लास्टिकच्या पट्टीने कड उचकटली की जागेवरून सुटतं. यूएसडी फोर्कमध्ये खाली सरकतं, साध्यात वर. टोकदार स्क्रू ड्रायव्हर घालून पाइपवर ओरखडा ओढू नका. सील सरकलं, की त्याच्या मागे काय दिसतं ते नीट बघा. बाहेरून लख्ख दिसणाऱ्या गाडीतही इथे राखाडी मातीची ओलसर कडी सापडते. तुमचं सील हीच माती खात होती. ब्रशने, मग फडक्याच्या कोपऱ्याने ती पूर्ण काढा. सीलच्या आतल्या कडेवरून बोट फिरवा. ती मऊ हवी. भेगा पडल्या असतील तर डस्ट सील बदला, ते स्वस्तात मिळतं.

तेल पाझरत नसेल तर इथवरच थांबा. ऑइल सीलला उगीच डिवचू नका. पाझरत असेल तर नवं सील घेण्याआधी एक्स-रे फिल्मचा प्रयोग करून बघा. फिल्मची सुमारे ३ सेमी रुंद पट्टी कापा, तिच्या टोकाच्या एका कोपऱ्यात लहानशी आकडी ठेवा आणि सगळ्या कडा पॉलिश पेपरने बोथट करा. पाइपवर तेलाचा हात फिरवा, पट्टी पाइपला चिकटवून ऑइल सीलच्या कडेखाली सरकवा आणि पाइपभोवती एक पूर्ण फेरी मारा. बाहेर काढा, पुसा, पुन्हा घाला. पट्टीबरोबर काळी वाळू येते. ती यायची थांबली की शॉकअप काही वेळा दाबून सोडा, पाइप पुसा आणि गाडी रात्रभर उभी ठेवा. याच कामासाठी मोशन प्रो या कंपनीचं सील मेट नावाचं तयार हत्यारही मिळतं, पण फिल्मची पट्टी तेच करते.

सकाळी पाइप कोरडा असेल तर पुढे जा. पुन्हा तेलाचं कडं दिसलं तर सील कापलं गेलंय, ते बदलून घ्या आणि मगच कव्हरचं बघा. गळणाऱ्या सीलवर कव्हर घालू नका. निओप्रीन तेल पिऊन जड होतं, गळती लपवतं, आणि एक दिवस सगळं तेल डिस्कच्या दिशेने सोडतं.

शेवटी डस्ट सीलच्या आतल्या कडेला फोर्क ऑइलचं बोट फिरवा आणि सील अंगठ्यांनी सगळीकडून सारखं दाबून जागेवर बसवा. पाइपवर सिलिकॉन स्प्रेचा पुसट हात द्या आणि जास्तीचा पुसून टाका. ग्रीस थापू नका, त्याला धूळ चिकटते. रबराच्या आसपास पेट्रोल किंवा रॉकेल वापरू नका.

यूएसडी फोर्कला वेल्क्रो पट्टी बसवताना

कंपनीचे प्लास्टिक गार्ड असतील तर ते आधी सुटे करा. खोलण्याआधी दोन्ही बाजूंचे मोबाइलवर फोटो काढा. ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर कशी, कुठल्या क्लिपमधून गेली आहे ते फोटोत स्पष्ट दिसायला हवं. नळी गार्डवरच क्लिपने धरलेली असेल तर ती क्लिप पण सोडावी लागते. बोल्ट ज्या भोकातून निघाले त्याच क्रमाने वाटीत ठेवा, त्यांची लांबी वेगवेगळी असू शकते.

पट्टीची वरची बाजू जाड नळीला पकडणार, खालची बाजू पाइपवर येणार, आणि डस्ट सील मधोमध पूर्ण झाकलं जाणार. जाड नळीवर सुमारे ३ ते ४ सेमी पकड मिळायला हवी. पट्टी दोन्ही हातांनी ताणून गुंडाळा. वेल्क्रोची जोड मागच्या अंगाला, किंचित बाहेरच्या बाजूला येऊ द्या. समोरून येणारा चिखल आणि गवत जोडीवर थेट आपटत नाही. वर राहणाऱ्या पदराची मोकळी कडही मागेच वळलेली हवी. पुढे तोंड करून राहिली तर झुडपातून जाताना उलगडते.

किती घट्ट करायचं ते हाताने ठरवा. वर, जाड नळीवर, पट्टी मुठीत धरून फिरवली तर फिरू नये. खाली, पाइपवर, करंगळीचं टोक जेमतेम जाईल एवढी सैल राहू द्या. तिथे ती पाइपवर सरकत राहणार असते. खाली आवळून टाकली तर दर वेळी शॉकअप दबताना ओढली जाते, गोळा होते आणि वरून निसटते. काही कव्हरांबरोबर वर बांधायला केबल टाय देतात. बांधायचा असेल तर वरच्या बाजूलाच आणि टोक कापून कड मागे वळवून बांधा. मी तो टाय टाळतो, कारण टाय असला की रोज काढणं होत नाही.

आता गार्ड परत बसवा. बोल्ट आवळण्याआधी गार्ड आणि निओप्रीनमध्ये जागा आहे का ते बघा. निओप्रीन साधारण २ ते ३ मिमी जाड असतं आणि जोडीवर ते दुप्पट होतं. गार्ड जोडीला दाबत असेल तर जोड थोडी फिरवून घ्या. ब्रेकची नळी आणि वायर फोटोप्रमाणे आपल्या क्लिपमध्ये गेली का, हे दोनदा तपासा. ती क्लिपबाहेर राहिली तर चाकाला घासू शकते.

इंजिन बंद ठेवून हँडल डावीकडे-उजवीकडे शेवटपर्यंत फिरवा. नळी कुठे ताणली जाते का, पट्टी कशाला अडते का? मग पुढचा ब्रेक धरून शॉकअप अंगाच्या वजनाने दाबा आणि सोडा, आठ-दहा वेळा. पट्टी वर-खाली सरकली नाही, गोळा झाली नाही, तर जवळच्या कच्च्या रस्त्यावर एक छोटी फेरी मारून या आणि परत येऊन पुन्हा बघा.

साध्या फोर्कला गेटर बसवताना

हे थोडं मोठं काम आहे. ब्रेक आणि चाक दोन्ही हाताळायचे असल्याने पहिल्यांदा एखाद्या जाणत्या माणसाला सोबत घ्या. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचारा.

हिमालयन ४११ ला मेन स्टँड आहे, त्यावर गाडी सपाट जागी उभी करा. पुढचं चाक उचलायला इंजिनाखालच्या बॅश प्लेटला (दगडांपासून इंजिन वाचवणारा पत्रा) लाकडी फळी लावून जॅक द्या. गाडी हलवून बघा. डुगडुगत असेल तर पुढे जाऊ नका. पुढच्या चाकाचा एक्सल (चाकाचा दांडा) नट आणि असेल तो पिंच बोल्ट, म्हणजे एक्सलला आवळून धरणारा बोल्ट, चाक जमिनीवर असतानाच थोडा ढिला करून ठेवलेला बरा.

कॅलिपरचे बोल्ट काढून तो दोरीने हँडलला टांगा. ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नका. दोन पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याचा जाड तुकडा घाला आणि घरातल्या सगळ्यांना सांगा, की ब्रेकचा लिव्हर दाबायचा नाही. दाबला तर पिस्टन बाहेर येतात. एबीएसचा सेन्सर आणि वायर सुटी करून बाजूला बांधा. एक्सल काढताना कोणता बुश (एक्सलवरची आखूड नळी) कोणत्या बाजूला होता त्याचा फोटो घ्या. मग चाक आणि मडगार्ड.

फोर्कचा पाय वरच्या आणि खालच्या टीमध्ये, म्हणजे हँडलखाली दोन्ही पायांना धरणाऱ्या जोडपट्ट्यांमध्ये, आवळलेला असतो. ढिला करण्याआधी वरच्या टीच्या वर पाइप किती आलाय ते पट्टीने मोजून लिहून ठेवा आणि खालच्या टीखाली पाइपवर चिकटपट्टीची खूण करा. दोन्ही पाय नंतर अगदी त्याच उंचीवर बसले पाहिजेत, नाहीतर एक्सल तिरका जातो. एका वेळी एकच पाय काढा, म्हणजे दुसरा नमुना म्हणून समोर राहतो. पाय पिळत पिळत खाली ओढला की निघतो.

जुना गेटर काढल्यावर वरची सगळी साफसफाई इथेही करायची. उलट इथे जास्तच, कारण फाटक्या गेटरच्या आत माती महिनोन् महिने साचलेली असते. नवा गेटर आतून साबणाच्या पाण्याने ओला करून चढवा. रुंद तोंड बॉटमवर, अरुंद तोंड वर. गेटरला हवा जायला लहान भोकं असतात. ती मागच्या बाजूला आणि खालच्या अंगाला येऊ द्या, म्हणजे आत गेलेलं पाणी तिथूनच निघून जाईल. ही भोकं चिखलाने बुजली तर शॉकअप दबताना आतली हवा गेटरला फुगवते आणि तो तोंडावरून सुटतो. खाली होज क्लिप लावत असाल तर रबर दबेल एवढीच आवळा, रबर कापेल एवढी नाही.

पाय खुणेपर्यंत वर सरकवा, टीचे बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळा. अंदाजाने पिळू नका. चाक, बुश, एक्सल जागेवर आणि एक्सल नट आवळा. पिंच बोल्ट मात्र लगेच नाही. आधी कॅलिपर बसवा, पुठ्ठा काढल्याची खात्री करा आणि ब्रेकचा लिव्हर पंप करत राहा, तो कडक होईपर्यंत. गाडी खाली घ्या, ब्रेक धरून शॉकअप काही वेळा दाबा. दोन्ही पाय आपापल्या जागी सरळ बसतात. त्यानंतर पिंच बोल्ट टॉर्कवर आवळा. चाक हाताने फिरवा, मोकळं फिरलं पाहिजे. लिव्हर कडक झाल्याशिवाय गाडी जागची हलवू नका.

बसवल्यानंतरचे दिवस

चिखलातून किंवा नदीतून गाडी आली, की त्याच संध्याकाळी वेल्क्रोची पट्टी काढा. आतून ओली असते. ओलं निओप्रीन पाइपला दिवसेंदिवस चिकटून राहिलं तर क्रोमच्या बारीक छिद्रांतून गंज वर येतो, आणि किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत तो फार लवकर येतो. पट्टी साबणाच्या पाण्यात हाताने धुवा, सावलीत वाळवा. कडक उन्हात निओप्रीन कडक होत जातं. वेल्क्रोच्या काट्यांत अडकलेलं गवत आणि माती दातांच्या ब्रशने काढा, नाहीतर पकड सुटते. पाइप पुसा, सिलिकॉनचा पुसट हात द्या, सकाळी पट्टी परत चढवा. रोजच्या डांबरी रस्त्यावर नोकरीला जायचं असेल तर ती घरीच ठेवलेली चांगली. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तेव्हा तर नक्कीच काढून ठेवा.

गेटर रोज निघत नाही, म्हणून त्याची तपासणी बाहेरून करा. दर धुण्याच्या वेळी घड्या बोटांनी उघडून भेगा बघा. खालच्या घडीत पाणी साचलंय का, ते दाबून कळतं. भोकं काडीने मोकळी करा. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, खालची क्लिप सोडून गेटर वर गुंडाळा आणि आतला पाइप बघा.

पट्टी वर्षानुवर्षं टिकत नाही. तिच्या आतल्या अंगाला पाइपवर घासणारा भाग चकाकायला लागला, की तिथलं कापड संपत आलंय. त्या जागी बोटाला बारीक वाळू रुतलेली लागली आणि धुऊनही गेली नाही, तर ती पट्टी फेकून द्या. तशीच चढवली तर तीच पॉलिश पेपरसारखी पाइपवर फिरते. नवी घेताना दोन्ही पायांसाठी जोडीनेच घ्या, आणि पहिल्या चिखलाच्या फेरीनंतर डस्ट सील एकदा उचकून मागे माती पोचली का ते बघा. पोचली नसेल तर तुमचं माप आणि बसवणं दोन्ही बरोबर आहे. पोचली असेल तर पट्टी वर सरकवून पकड वाढवा, किंवा एक माप लहान घ्या.